माणूस कोइमतूरला, सातबारा इथंच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लक्षात येईल. विट्याजवळच्या एका गावातल्या ओळखीच्या माणसाला तुम्ही ६ एप्रिल २०२३ रोजी साडेचार लाख रुपये हातउसने दिलेत. तीन लाख बँकेतून त्याच्या खात्यावर, दीड लाख रोख. लिहून काही घेतलं नाही. सही केलेला एक चेक तेवढा घेतलात, रक्कम आणि तारीख कोरी. जून २०२४ मध्ये त्याच्याकडून फोनपेवर २०,००० आले, पुढे काहीच नाही. गेल्या दिवाळीनंतर तो बायकोमुलांसह कोइमतूरला गेला, मेव्हण्याच्या गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात. फोन उचलत नाही. गावात म्हातारे आईवडील आणि धाकटा भाऊ आहेत. तुम्ही विचारलंय, "एवढ्या लांबच्या माणसाकडून वसुली करायची तर तमिळनाडूत वकील लावावा लागेल का?"

गेली बावीस वर्षं मी याच भागात दिवाणी वकिली करतो. खानापूर, आटपाडी, पलीकडे माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली निम्मी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखी गेलेली. त्यामुळे "देणेकरी केरळात आहे", "कानपूरला आहे", "पत्ताच माहीत नाही" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. अशा माणसाकडून पैसे वसूल होतात की नाही, याचं सरळ उत्तर नाही. कधी पूर्ण होतात, कधी निम्मे, कधी कागदावरच राहतात. कशावर अवलंबून असतं ते सांगतो.

कोइमतूरची काळजी नंतर करू. आधी कॅलेंडर बघा.

हातउसन्या पैशांचा दावा पैसे दिल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तसं आहे. तुमचे पैसे ६ एप्रिल २०२३ ला गेले, म्हणजे येत्या ६ एप्रिल २०२६ ला मुदत संपते. हातात जेमतेम सव्वादोन महिने आहेत. "वर्षभरात देतो म्हणाला होता, मग मुदत वर्षानंतर सुरू होत नाही का?" असं तुम्ही विचाराल. तसा युक्तिवाद करता येतो, पण ती वर्षाची बोली तोंडी होती. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून "अशी बोली झालीच नव्हती" म्हणाला की सगळा डोलारा तुमच्या एकट्याच्या शब्दावर येतो. ज्या मुदतीबद्दल वाद होऊच शकत नाही, तिच्यात बसायचं.

दुसरी शंका त्या २०,००० ची. थोडे पैसे दिले की मुदत नव्याने सुरू होते, हे लोकांना माहीत असतं आणि ते अर्धंच खरं असतं. कायद्याला नुसता भरणा पुरत नाही. त्या भरण्याची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असावी लागते, आणि भरणा जुनी मुदत संपायच्या आत झालेला असावा लागतो. जुन्या काळी वचनचिठ्ठीच्या मागे "आज रोजी रु. ५०० पोहोचते केले" असं लिहून सही घेत, ती याचसाठी. फोनपेच्या नोंदीला सही म्हणायचं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. ज्या मुद्द्यावर मला समोरच्या वकिलाशी तासभर भांडावं लागेल, त्याच्या भरवशावर मी पक्षकाराला जून २०२७ पर्यंत बसवून ठेवणार नाही. तो व्यवहार पुरावा म्हणून उत्तम आहे, कारण अनोळखी माणसाला कोणी २०,००० उगाच पाठवत नाही. मुदतीसाठी मात्र तो जमेस धरू नका.

तेव्हा ६ एप्रिल हीच शेवटची तारीख. मी तर ती १५ मार्च मानली असती. शेवटच्या आठवड्यात दावा तयार करायला बसलं की नेमका बँकेचा उतारा मिळत नाही, शाखाधिकारी रजेवर असतो.

आता चेक. तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, आणि घाईत सगळ्यात लवकर वाया जाणारीही तीच.

चेक कोरा आहे म्हणून तो निकामी, असं नाही. सही त्याची आहे ना, मग बाकीचा मजकूर तुम्ही भरलात तरी चेक चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. अक्षर वेगळं, शाई वेगळी, हे बचाव रोज होतात आणि एकट्याने टिकत नाहीत. पण रक्कम किती भरायची? इथे मोठमोठे हुशार लोक चुकतात. दिले साडेचार लाख म्हणून चेकवर ४,५०,००० लिहितात. तुम्हाला २०,००० परत आलेत, म्हणजे आज देणं ४,३०,००० आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि तरीही पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला, तर तो परत आला तरी कलम १३८ चा (चेक न वटल्याचा) गुन्हा होत नाही, कारण चेकवरची रक्कम त्या दिवशी देणं नव्हतीच. म्हणजे वीस हजारांसाठी चार लाखांची केस जाते. म्हणून तुम्ही ४,३०,००० भरा. ज्यांच्या चेकवर रक्कम आधीच लिहिलेली आहे, त्यांनी चेकवर खाडाखोड करू नये. किती पैसे मिळाले आणि किती बाकी आहेत याचा शेरा चेकवरच रीतसर नोंदवून तेवढ्याच बाकीसाठी तो टाकावा. हा शेरा वकिलासमोर बसूनच लिहा.

तारीख टाकल्यापासून चेक तीन महिने चालतो. बँकेत टाकला, परत आला, बँकेचा मेमो हातात पडला, की तिथून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. मेमोवर "अपुरी शिल्लक" असो की "खाते बंद", दोन्ही चालतं. खातं बंद करून सुटलो असं समजणारे बरेच भेटतात.

तमिळनाडूच्या वकिलाचा प्रश्न इथेच बराचसा सुटतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, महाराष्ट्रातल्याच प्रकरणांमधला. चेक ज्या शाखेवर काढला असेल तिथल्याच कोर्टात तक्रार लावायची, असं त्यात ठरलं. त्या वर्षी आमच्याकडच्या व्यापाऱ्यांच्या केसेसच्या फायलींचे गठ्ठे परत मिळाले, आणि कर्नाटक, गुजरात, उत्तर प्रदेश अशा यात्रा सुरू झाल्या. मग २०१५ मध्ये कायदाच दुरुस्त केला. आता चेक तुम्ही तुमच्या खात्यात भरलात, तर तुमची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत येते तिथे तक्रार चालते. तुमचं खातं विट्यात आहे, तर केस विट्यात. त्याने कोइमतूरहून यायचं, तुम्ही जायचं नाही. मात्र चेक त्याच्या बँकेच्या काउंटरवर नेऊन देऊ नका, आपल्या खात्यातच टाका.

या केसमधून पैसे कसे सुटतात तेही प्रामाणिकपणे सांगतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड चेकच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, आरोपीने गुन्हा नाकबूल केला की कोर्ट केस चालू असतानाच त्याला २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. "शकतं" हा शब्द लक्षात ठेवा. पण बहुतेक केसेस निकालापर्यंत जातच नाहीत. तीनदा कोइमतूर ते विटा प्रवास झाला, चौथ्या तारखेला गैरहजर राहिला, वॉरंट निघालं आणि गावातल्या घरी पोलीस विचारायला आले, की धाकटा भाऊ "मिटवून टाकू" म्हणत येतो.

आणि एक गोष्ट ठळक सांगायची राहिली. चेकची केस लावली म्हणजे दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. दोन्ही गाड्या वेगळ्या रुळांवर धावतात. चेकची केस काही तांत्रिक कारणाने पडली आणि तोवर ६ एप्रिल उलटून गेला, तर हातात काहीच उरत नाही. म्हणून दिवाणी दावाही लावायचाच.

तो दावासुद्धा इथेच लागतो. प्रतिवादी जिथे राहतो तिथे दावा लावता येतो हे खरं, पण व्यवहार जिथे पूर्णपणे किंवा अंशतः घडला तिथेही लावता येतो. पैसे विट्याच्या शाखेतून गेले, रोख रक्कम विट्यात दिली गेली, परत इथेच यायची होती. एवढं पुरेसं आहे. दाव्यात हे एक वाक्य नीट लिहिलेलं असलं म्हणजे झालं. व्याज ठरलेलं नसेल तर नोटिशीत ते स्पष्ट मागा, नोटिशीच्या तारखेपासून कोर्ट ते देऊ शकतं.

लांब गेलेल्या माणसाच्या बाबतीत वेळ खातो तो समन्स बजावण्यात. मराठी समन्स कोइमतूरच्या कोर्टामार्फत जायचं तर सोबत इंग्रजी तर्जुमा जोडावा लागतो, तिथल्या बेलिफाला (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाला) दुकान सापडावं लागतं, आणि मग बजावणीचा अहवाल उलट टपाली यावा लागतो. यात सहा महिने सहज जातात. म्हणून पत्ता शोधायचं काम आजपासून करा. "मेव्हण्याचं गलाईचं दुकान" हा पत्ता होत नाही. दुकानाचं नाव, गल्ली, पिनकोड पाहिजे. दुकानाच्या पाटीचा फोटो मिळाला तर जीएसटी क्रमांक मिळतो, आणि त्यावरून जीएसटीच्या संकेतस्थळावर धंद्याचा नोंदलेला पत्ता फुकट दिसतो. आपल्याकडच्या गलाईवाल्यांची परगावी मंडळं असतात, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरसुद्धा दुकानांची नावं असतात. एका पक्षकाराला मी अशा पावतीवरूनच पत्ता काढून दिला आहे.

नोटीस मात्र दोन्ही पत्त्यांवर पाठवा, गावाच्या आणि दुकानाच्या. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. गावातलं पाकीट परत येईल, त्यावर पोस्टमनने निळ्या पेनाने "मालक परगावी, घेण्यास नकार" असं काहीतरी लिहिलेलं असेल. ते पाकीट फोडू नका! माझ्या एका पक्षकाराने आत काय आहे ते बघायला म्हणून ब्लेडने नीट कापून उघडलं होतं. आतली नोटीस त्यानेच वाचून, पसंत करून मला पाठवायला लावली होती, तरीही. नंतर उलटतपासात पहिला प्रश्न आला, की या पाकिटात नोटीसच होती कशावरून? बरोबर पत्त्यावर पाठवलेलं आणि नकार देऊन परत आलेलं बंद पाकीट म्हणजे बजावणीच मानली जाते. ते शिवलेल्या पोत्यासारखं जपायचं.

समन्स घरच्या सज्ञान माणसाला देता येतं, पण तो माणूस देणेकऱ्यासोबत राहणारा असावा लागतो. वडील गावात आणि हा कोइमतूरला, म्हणजे वडिलांच्या अंगठ्यावर पुढे हरकत येऊ शकते. त्याऐवजी गावची यात्रा कधी आहे ते विचारा. गलाईवाला माणूस वर्षभर फोन उचलणार नाही, पण ग्रामदैवताची पालखी चुकवणार नाही. समन्सची तारीख त्या बेताने घेतली आणि बेलिफाला यात्रेच्या दिवशी गावात नेलं, तर एका दिवसात काम होतं. मी हे तीनदा तरी केलं आहे. फेटा बांधून, गुलालाने माखलेल्या माणसाने समन्सवर केलेली सही अजून एका फायलीत आहे. कागदाच्या कोपऱ्यावर गुलालाचा ठसाही आहे.

समजा दाव्यात तुमच्या बाजूने हुकूमनामा (पैसे द्यायचा कोर्टाचा आदेश) झाला, पुढे काय? इथून खरी वसुली सुरू होते, आणि बहुतेक लोक इथपर्यंत विचारच करत नाहीत. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, त्यासाठी १२ वर्षं मिळतात.

तो कोइमतूरच्या दुकानात पगारी असेल, असं धरू. हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवून पगार जप्त करता येतो. पण सगळा पगार नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याला सोडावे लागतात. २५,००० पगार असेल तर २४,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिन्याला ८,०००. तीही जप्ती २४ महिने चालते, पुढे त्याच हुकूमनाम्यासाठी त्या पगाराला हात लावता येत नाही. ८,००० गुणिले २४ म्हणजे १,९२,०००. तेही मेव्हणा दुकानदार आपल्या दाजीचा पगार कागदावर २५,००० दाखवेल, तर. तो ६,००० दाखवणार. म्हणून कोइमतूरच्या मागे लागण्यात मला फारसा रस नसतो.

मी पक्षकाराला पहिल्याच भेटीत विचारतो, तो गेला, पण मागे काय ठेवून गेला? तुमच्या माणसाच्या नावावर गावात जमीन आहे का? महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, आठ-अ चा (त्याच्या नावावरच्या एकूण जमिनीचा) उताराही काढा. त्याच्या वडिलांच्या नावावरच सगळं असेल तर ते त्याचं नव्हे, वडील हयात असताना तिथे सहजासहजी हात घालता येत नाही. वडिलोपार्जित असेल आणि सातबाऱ्यावर भावाबरोबर त्याचंही नाव असेल, तर त्याचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा जप्त होऊ शकतो. "इतर हक्क" या रकान्यात गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती आहे ते बघा, कारण ते तुमच्या आधी रांगेत उभे आहेत.

लोकांना वाटतं दावा लागला की सातबाऱ्यावर नोंद होते आणि जमीन अडकते. पैशाच्या दाव्यात तसं होत नाही. दावा चालू असताना तो जमीन विकू शकतो. तो विकायच्या तयारीत आहे, वसुली चुकवायलाच विकतोय, असा ठोस पुरावा असेल, म्हणजे इसारपावती किंवा खरेदीच्या आधी वर्तमानपत्रात दिलेली जाहीर नोटीस वगैरे, तर निकालाआधीच जप्ती मागता येते. कोर्ट ती सहज देत नाही. एकदा जप्तीचा हुकूम झाला, की त्यानंतर केलेली विक्री तुमच्या हक्काला बाधा आणत नाही.

लिलाव मात्र क्वचितच होतो. दहाबारा गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा, त्यात वाट भावाच्या रानातून, विहिरीत चौथा वाटा, कोण बाहेरचा घेणार? गंमत अशी, की लिलावाची गरजच पडत नाही. काही वर्षांपूर्वीचं एक प्रकरण आहे, रक्कम साधारण तुमच्याएवढीच. देणेकरी त्रिशूरला, पाच वर्षं पत्ता नाही. जप्तीचा हुकूम तलाठ्याकडे गेला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), सामाईक सातबाऱ्याच्या इतर हक्कात एक ओळ चढली. दोन महिन्यांनी धाकटा भाऊ सोसायटीत पीककर्जाचं नवंजुनं (जुनं भागवून नवं घ्यायचं) करायला गेला. सचिवाने उतारा पुढे सरकवला आणि पेनाने त्या ओळीखाली रेघ मारली. चौथ्या दिवशी भाऊ माझ्या ऑफिसात. थोरल्याला त्याने काय सुनावलं मला माहीत नाही, पण तीन हप्त्यांत पैसे आले, त्रिशूरहूनच. त्या सगळ्यात केरळच्या कोर्टाचं तोंड कोणी पाहिलं नाही.

आता तुमच्या बाजूच्या दोन कच्च्या जागा. पहिली, ते रोख दीड लाख. आयकर कायद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला आहे. या नियमामुळे देणंच बुडतं, असा बचाव बरीच वर्षं चालायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंडाचा विषय वेगळा, देणं वसूल होऊ शकतं. पण ते दीड लाख दिले हे तरी सिद्ध करायला हवं. त्या आठवड्यात खात्यातून काढले असतील तर तो उतारा, सोनं गहाण ठेवलं असेल तर ती पावती, बैल विकला असेल तर बाजार समितीची पावती, जे असेल ते काढा. काहीच नसेल तर वकिलाला आधीच सांगा. तीन लाखांचा पक्का दावा साडेचार लाखांच्या डळमळीत दाव्यापेक्षा बरा, असं म्हणायची वेळही कधी येते.

दुसरी जागा नाजूक आहे, आणि तुमच्या प्रश्नात तुम्ही ती टाळली आहे. व्याज ठरलं होतं का? शेकडा दोन-तीन? आणि असे पैसे तुम्ही आणखी कोणाला देता का? एकदाच, ओळखीवर दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे. पण चारपाच जणांना व्याजाने दिलेले असतील आणि परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तुमचा दावा तर अडकेलच, शिवाय सहायक निबंधकांकडे तुमच्याविरुद्ध तक्रार जाईल. समोरचा वकील हा पहिला बचाव घेणार, हे ठरलेलं. व्हॉट्सॲपवर "मुद्दल राहू दे, या महिन्याचं व्याज तरी पाठव" असं काही लिहिलं असेल, तर मला निदान ते दाखवा.

व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून चालतात, पण नुसती छापील पानं जोडून नाही. सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादावरून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्कं केलं, आणि आता नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. तुमच्याकडून एवढंच हवं की ज्या फोनवर ते संदेश आहेत तो विकू नका, फॉरमॅट करू नका. मुलाला नवा फोन घेताना जुना एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे झालेले दोन पक्षकार मी पाहिले आहेत. बँकेचा उतारा मात्र शिक्क्यासह आणि दाखल्यासह बँकेतूनच घ्या, मोबाईलमधून काढलेला नको.

पोलिसांबद्दल. तिथे गेलात तर "दिवाणी बाब आहे" असा शेरा मिळेल, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. घेताना द्यायची इच्छा होती आणि नंतर दिले नाहीत, याला फसवणूक म्हणत नाहीत. खोटं नाव, खोटे कागद, एकाच वेळी दहा जणांकडून घेऊन रातोरात पसार, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या हकिकतीत तसं दिसत नाही. आणि कृपा करून चार पोरं घेऊन कोइमतूरला जाऊ नका. एक द्राक्ष बागायतदार असेच गेले होते, दुकानात तासभर बसून राहिले, आवाज चढला. तिथल्या पोलिसांनी त्यांनाच बसवून घेतलं, भाषा कळेना, सुटून यायला चार दिवस लागले. पुढे प्रत्येक तारखेला समोरचा वकील त्या तक्रारीची प्रत काढायचा.

तो परदेशात गेला असता तर? मुदतीच्या बाबतीत उलट थोडी सवलत असते. प्रतिवादी भारताबाहेर जेवढा काळ असतो तो मुदतीतून वगळला जातो. कोइमतूर भारतातच आहे, तेव्हा हे तुमच्या कामाचं नाही.

एक शेवटचा प्रयत्न मात्र दाव्याआधी जरूर करा, आणि तो धाकट्या भावामार्फत करा. पैसे मागू नका, कागद मागा. "मी, अमुक, तमुक यांच्याकडून ता. ६/४/२०२३ रोजी हातउसने घेतलेल्या रकमेपैकी रु. ४,३०,००० आजअखेर देणे आहे. ही रक्कम मी दरमहा रु. २०,००० प्रमाणे फेडीन." खाली सही आणि तारीख. एवढ्या दोन ओळींवर ६ एप्रिलच्या आत सही झाली, की त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मिळतात आणि दीड लाख रोखीचा वादही मिटतो. कूरियरने पाठवून सही करून मागवता येतं. पैसे लगेच द्यायचे नाहीत म्हटल्यावर बरेच जण सही करतात. टाळाटाळ झाली तर फेब्रुवारीअखेर थांबा, पुढे नाही. हप्ते ठरलेच तर लोकअदालतीत तडजोड नोंदवून घ्या. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच चालतो, त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला की थेट दरखास्त लावता येते. चेक मात्र पहिल्या हप्त्याच्या आनंदात परत देऊ नका.

म्हणजे या आठवड्यात तुम्ही सातबारा आणि आठ-अ काढायचे, बँकेचा दाखल्यासह उतारा मागायचा, दुकानाचा पूर्ण पत्ता मिळवायचा, भावाशी एकदा शांतपणे बोलायचं. चेक यातल्या कशाच्याही आधी बँकेत टाकायचा नाही.

चेक कोणत्या बँकेचा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०१९ नंतर बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि त्यांची जुनी चेकबुकं बंद पडली. तुमचा चेक तशा बँकेचा निघाला, तर तो शिल्लक नाही म्हणून परत न येता चेकच चालत नाही म्हणून परत येईल, आणि मग १३८ चं सगळं गणित बदलतं. चेकवरचं बँकेचं नाव आणि आयएफएससी कोड आधी कळवा. आकडे वाचता आले पाहिजेत, फोटो नीट उजेडात काढा.